तेवीस मणी

शहापूरच्या खलील बेपारींच्या भंगारात
वाकड्या बंबाच्या पोटात सापडली ही वाटी.
"बेल्जमची हाय बाई, घ्या की," म्हणाले.
त्यांच्याकडची सगळी काच बेल्जमची,
सगळी घड्याळं स्विसची
आणि सगळी कुलपं कुठल्या तरी संस्थानाची.

मी आधी नख फिरवलं.
कापीव काच नखाला चावते.
ही चाटून गेली.
म्हणजे दाबीव. वितळलेला गोळा साच्यात टाकून
वरून दट्ट्या दाबला कुणीतरी, एका दमात,
आणि अंगावर तीन शिवणी राहिल्या
घाईत शिवलेल्या झबल्याच्या असतात तशा,
डोळ्याला चुकवणाऱ्या, बोटाला सापडणाऱ्या.

नक्षी : आंब्याची पानं, तळाला आठ पाकळ्यांचं फूल,
काठाला मणी.
माझ्याकडच्या कुठल्याच नमुन्याशी जुळेना.
तिकडच्या काचेवर द्राक्षं असतात, हिरे असतात.
आंब्याचं पान असं शिरांसकट कोरायला
ते रोज पायाखाली यावं लागतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत
जुन्या कारागिरी प्रदर्शनाच्या वह्या आहेत.
इराप्पा हुक्केरी किल्ली देतो
आणि शेजारीच बसून राहतो, पानं तुटतात म्हणून.
मोडी मी वाचते, कानडी तो,
इंग्रजी दोघंही अडखळत.
निपाणीची तंबाखू, तीन पेंढ्या.
गोकाकची लाकडी केळी, "माशी फसली" असा शेरा.
एक बैल. त्याचं नाव, शिंगांची लांबी,
मालकाचा फेटा कसला होता तेसुद्धा.

चौथ्या दुपारी, वाळवीनं सोडलेल्या अर्ध्या पानावर :
"क्रमांक २१७. काचेच्या वाट्या, नग दोन. आंबेपान.
साचा कोरणार यल्लाप्पा भरमाणी लोहार, कडोली.
ओतकाम परगावी."
आणि बाजूला, दुसऱ्या शाईत, परीक्षकाचं बारीक अक्षर :
"काठास मणी चोवीस सांगितले, तेवीस भरले.
बक्षीस नाही."

मी पिशवीतून वाटी काढली.
शिवणीपासून सुरुवात केली, म्हणजे विसरायला नको.
तेवीस.
पुन्हा मोजले, उलटीकडून.
तेवीस.
यल्लाप्पा, तुझं बक्षीस ज्यानं कापलं
त्यानंच तुझा पत्ता लिहून ठेवला बघ.
बरोबर चोवीस असते
तर तू आज बेल्जमचा झाला असतास.

इराप्पा काही बोलला नाही.
वाटी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, "आमच्या घरी हळदीला हाय असली गाजू.
आईची. सोमवारी आणतो."

सोमवारी पंचात गुंडाळून आणली.
पिवळेपणा पानांच्या शिरांत मुरलेला,
धुऊनही न गेलेला.
तीच पानं. तेच फूल.
त्यानं मोजायला घेतलं, ओंदु, एरडु, मूरु,
मी मनातल्या मनात मराठीत,
बोट एकच, त्याचं.
तो बावीसवर थांबला. मी तेवीसवर.

एका जागी टवका उडालेला.
खाली मण्याचं बूड तेवढं शिल्लक, तांदळाच्या कणीएवढं.
"हा मणी न्हवंच," तो म्हणाला.
"होता की," मी म्हणाले.
"होता म्हणून आता कसा धरायचा?"
"वहीत दोन नग लिहिलेत, इराप्पा."
"वहीत बावीस न्हाई लिहिलं, बाई."

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली.
शिपाई एकेक खिडकी ओढत आमच्यापर्यंत आला.
टेबलावर दोन वाट्या,
एक पांढरी, एक हळदीची,
आणि आम्ही दोघं वाकून
त्या एका कणीपाशी,
पुन्हा पहिल्यापासून.